लिनक्स टाकताना नेट मिळत नाही? वाचकांच्या शंका

प्रश्न : चवथीच्या सुट्टीत जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायला घेतलं, पण इन्स्टॉलरला वाय-फाय कार्ड दिसतच नाही. विंडोजमध्ये ते नीट चालायचं. (फोंडा)

उत्तर : विंडोजमध्ये चालत होतं, म्हणजे कार्ड बहुधा ठणठणीत आहे. वाय-फाय कार्डाला ड्रायव्हरखेरीज फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, लागतं आणि ते बहुतेकदा मुक्त परवान्याचं नसतं. त्यामुळे डेबियन ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देत नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून देऊ लागलं. तुमच्या पेनड्राइव्हवर त्याआधीची आवृत्ती असेल, तर आधी नवी उतरवा.

ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांचं फर्मवेअर मात्र आजही त्यात नाही. तसं असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. इन्स्टॉलर फोनला लॅन कार्ड समजतो. त्याच नेटवर इन्स्टॉलेशन पुरं करायचं आणि मग वाय-फायचं फर्मवेअर उतरवायचं. डेस्कटॉपसकट टाकणार असाल तर फोनवर डेटा भरपूर ठेवा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू (हेही एक लिनक्स) टाकतोय. लॅनची केबल जोडलेली आहे, तरी एका कॉम्प्युटरवर नेट येत नाही. दोनदा पुन्हा टाकून पाहिलं. (साखळी)

उत्तर : सर, तिसऱ्यांदा टाकू नका. आधी नेट नेमकं कुठे अडतंय ते शोधू, नाहीतर दिवस फुकट जातो.

पोर्टवरचे दिवे बघा. लागतच नसतील तर शेजारच्या चालू कॉम्प्युटरची केबल इथे लावा. तरीही अंधार असेल तर पोर्ट गेला असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात विजा पडल्यावर आपल्याकडे हे नेहमीचंच. यूएसबी लॅन अडॅप्टर लावून काम भागतं.

दिवे लागत असतील तर पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवा, कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि आधी राउटरला, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा. राउटरच उत्तर देत नसेल तर या कॉम्प्युटरला आयपी पत्ता मिळालाय का ते नेटवर्क सेटिंगमध्ये बघा. ८.८.८.८ कडून उत्तर येतं, पण वेबसाइटच्या नावाने पिंग केल्यावर काहीच येत नाही, असं झालं तर दोष डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करून १.१.१.१ लिहा आणि कनेक्शन एकदा बंद करून चालू करा. काही शाळांच्या नेटवर्कवर पिंग अडवलेलं असतं. तेव्हा शेजारच्या कॉम्प्युटरवरही तेच करून पडताळा.

प्रश्न : नेट चालतं, पण सॉफ्टवेअरची पॅकेजं उतरवताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाची चूक येते. (म्हापसा)

उत्तर : घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि आजची फाइल कॉम्प्युटरला भविष्यातली वाटते. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला. बहुतेक मदरबोर्डांवर सीआर २०३२ बसतो.

प्रश्न : हॉस्टेलच्या वाय-फायला ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं. इन्स्टॉलरमध्ये ते पान उघडायचं कसं? (फर्मागुडी)

उत्तर : डेबियनच्या साध्या इन्स्टॉलरमध्ये ब्राउझर नसतो, त्यामुळे ते पान उघडणार नाही. इन्स्टॉल न करता चालणारी लाइव्ह इमेज घ्या, तिच्यात ब्राउझर असतो. लॉगिन करून मगच इन्स्टॉलेशन सुरू करा.