आम्ल सोडूनही पाण्याचा सामू ८ कसा?

प्रश्न : तापीकाठच्या काळ्या मातीतून शिसे आणि जस्त किती खोल झिरपतात, हे मी काचेच्या उभ्या नळीत माती भरून तपासत आहे. वरून सोडायच्या द्रावणाचा सामू (पीएच) ५ ठेवते, तरी खालून निघणाऱ्या पाण्याचा सामू ८ च्या आसपासच भरतो आणि धातू जवळजवळ उतरतच नाहीत. सामू स्थिर राहावा म्हणून फॉस्फेट बफर वापरावा का?
– एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : फॉस्फेट बफर मुळीच वापरू नये. शिशाचे फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नळीत साका बसेल आणि धातू मातीने धरला असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सायट्रेटने उलट होते : ते धातूला बांधून घेते आणि मातीतून सोबत वाहून नेते.

मुळात आपली झुंज मातीतल्या चुनखडीशी आहे : वरून येणारे आम्ल ती मारून टाकते, म्हणून खालच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपासच राहतो. समजा, नळीत १०० ग्रॅम माती असून तिच्यात ५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट आहे. त्या ५ ग्रॅम चुन्याला ०.१ मोल आम्ल पुरते. सामू ५ असलेल्या, बफर नसलेल्या एक लिटर द्रावणात मात्र आम्लाचा अंश एका मोलच्या लाखाव्या भागाइतकाच असतो, म्हणजे नुसत्या आम्लाच्या हिशेबाने तेवढा चुना संपवायला १०,००० लिटर द्रावण लागेल! तीव्र आम्ल ओतल्यास कर्बवायूचे बुडबुडे मातीच्या छिद्रांत अडकून पाण्याची वाटच बंद होते. सोडियम हायड्रॉक्साइडने सामू वाढवणेही धोक्याचे आहे, कारण सोडियममुळे स्मेक्टाइट या काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या चिकणमातीचे कण सुटे होऊन निचरा खुंटतो.

माझ्या मते, खानदेशच्या जमिनीविषयी बोलायचे असेल तर तिचा स्वतःचा सामूच प्रयोगाची अट मानावी. चुनखडीच्या जमिनीत पिकाला जस्त कमी पडते, त्यामागे हाच उच्च सामू असतो. तो पुसून टाकला तर अभ्यासाचा विषयच हातून जाईल. नळीतून आधी ०.०१ मोलर कॅल्शियम नायट्रेटचे द्रावण खालून वर हळूहळू चढवावे आणि बाहेर येणारा सामू स्थिरावल्यावरच धातू सोडावा. कमी सामूचा परिणाम पाहायचा असल्यास मातीचे वेगळे नमुने घेऊन चुना आधी काढावा आणि ही माती आता शेतातली राहिलेली नाही, हे प्रबंधात स्पष्ट नोंदवावे. अशा नमुन्यांसाठी सामू ६ च्या आसपास एमईएस हा सेंद्रिय बफर बरा, कारण तो धातूंना फारसा बांधत नाही. सामू उतरवायला नायट्रिक आम्ल घ्यावे. गंधकाम्लाने शिशाचा साका बसतो आणि मिठाच्या आम्लातील क्लोराइड, विशेषतः कॅडमियमला, बांधून घेते.

सामू ८ ला शिसे मातीशिवायही कार्बोनेटच्या रूपाने खाली बसू शकते. म्हणून मातीतून निघालेल्या स्वच्छ, गाळलेल्या पाण्यात तेवढेच शिसे मिसळून, ते गाळून, किती उरते हे वेगळे मोजावे. ही जोड-चाचणी नसेल तर मातीने धरलेले शिसे आणि साका झालेले शिसे यांतला फरक सांगता येणार नाही. बाहेर आलेल्या प्रत्येक नमुन्याचा सामू लगेच मोजावा, कारण बाटली उघडी राहिली की कर्बवायू उडून तो चढतो.