मुतखड्यावरचं अल्कलीचं औषध: आधी खड्याची जात कळू द्या

तीन वर्षांत दोनदा खडा पडला. दुसरा डबीत जपून ठेवलाय. मेडिकलमधून ‘लघवी साफ होण्याचं’ सायरप आणून सहा महिने घेतोय. एवढ्याने भागेल का? (पुरुष, ४६, जालना)

खडा जपून ठेवलात, हे फार चांगलं केलंत. आता तो प्रयोगशाळेत तपासायला द्या, कारण असलं सायरप म्हणजे बहुधा लघवीतलं आम्ल कमी करणारं अल्कलीचं औषध, आणि ते सगळ्या खड्यांना सारखं लागू पडत नाही.

खडा युरिक ॲसिडचा असेल तर हे औषध त्याच्या मुळावरच जातं. लघवीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकी लघवी जास्त आम्ल) ५.५ च्या खाली राहिला की युरिक ॲसिडचे खडे धरतात. तो ६ ते ६.५ च्या आसपास टिकवला तर नवे खडे धरणं थांबतं, असलेले विरघळूही शकतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या माणसाचा खडा औषधाने विरघळला की मला आजही आनंद होतो. कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यात काम वेगळं असतं. तिथे या औषधातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि स्फटिक वाढू देत नाही. कॅल्शियम फॉस्फेटच्या खड्यात मात्र जपावं लागतं, कारण लघवी जास्त अल्कली झाली तर हेच खडे वाढू शकतात. जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या खड्यांत तर लघवी आधीच अल्कली असते. त्यात आणखी भर नको.

बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचा. ‘डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट’ लिहिलं असेल तर ते सोडियमचं औषध आहे. सोडियम वाढलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. म्हणून खडा पुन्हा होऊ नये यासाठी आम्ही सहसा पोटॅशियम सायट्रेट देतो, तेही २४ तासांची लघवी तपासून. दिवसभरात ३२० मिलिग्रॅमपेक्षा कमी सायट्रेट निघालं तर ते कमी समजतात. कॅन घेऊन दिवसभर लघवी गोळा करणं कंटाळवाणं आहे, मला कल्पना आहे. तरी एकदा कराच.

मग स्वस्तातला खाण्याचा सोडा चालेल का?

लघवी अल्कली होईल, पण अडचण तीच: सोडियम. रक्तदाब असेल, पायावर सूज येत असेल तर मनाने अजिबात घेऊ नका. पोटॅशियम ज्यांना चालत नाही, अशा काही रुग्णांना आम्हीच सोडा देतो, पण मात्रा मोजून.

आई रोज हुलग्याचं कढण आणि लिंबूपाणी देते. पोटॅशियम सायट्रेटची गोळी बंद करू? (स्त्री, ३१, धुळे)

आईचं लिंबूपाणी सुरू ठेवा, फक्त साखर-मीठ घालू नका. लिंबात सायट्रेट भरपूर असतं, पण बरंचसं सायट्रिक ॲसिडच्या रूपात. त्यामुळे पोटॅशियम सायट्रेटइतकी अल्कली त्यातून मिळत नाही. कढणाने पोटात पाणी जातं, हा फायदा पक्का. पण गोळीची जागा ही दोन्ही घेत नाहीत. धुळ्याच्या उन्हाळ्यात दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. दूध-दही सोडू नका. जेवणातलं कॅल्शियम खडे करणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच अडवतं.

गोळी शौचातून अख्खी पडते. वाया जाते का?

नाही. सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्यांचा मेणाचा सांगाडा तसाच बाहेर पडतो, औषध आत उतरलेलं असतं. गोळी चावू नका, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत गिळा.

माझ्या बाटलीतलं पोटॅशियम सायट्रेट आईला देऊ का? वय ६८, मधुमेह, क्रिएटिनिन १.९, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे.

नाही, एक चमचाही नको. क्रिएटिनिन वाढलंय म्हणजे किडनी मंदावली आहे. किडनी मंदावली की पोटॅशियम नीट बाहेर टाकलं जात नाही, टेल्मिसार्टनने ते आणखी साठतं. रक्तात ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काही जाणवतही नाही. दिलं असेल तर आजच त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. दिलं नसेल तर डॉक्टरांना विचारेपर्यंत बाटली त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.