पायथॉनमध्ये एका ओळीतलं इफ-एल्स वापरावं, की साधं चार ओळींचं?

एका ओळीतलं वापरा. बिनधास्त वापरा. "एका ओळीतलं इफ-एल्स आपल्याकडे चालणार नाही" असं टीम लीडनं बजावल्याचं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. ते वाचून उत्तर लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी २०११ साली ऐकलंय आणि अजून विसरलेलो नाही.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका लहान कंपनीत होतो, नाव घेत नाही. गावोगावच्या दूध संस्थांची बिलं आमच्या प्रोग्रामवर निघायची. दर दहा दिवसांनी बिल: लिटर, फॅट, दर आणि त्यातून पशुखाद्याची कपात. सर्व्हरवर सेंटओएस ५ ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिच्यासोबत पायथॉन २.४ यायचा. कंडिशनल एक्सप्रेशन, म्हणजे हेच एका ओळीतलं इफ-एल्स, भाषेत आलं ते २.५ मध्ये, सप्टेंबर २००६ ला. म्हणजे येऊन चार वर्षं झाली तरी आमच्या सर्व्हरवर ते नव्हतं. मग त्या काळी बरेच जण करायचे तीच युक्ती आम्हीही करायचो. मी ती आमच्या वरिष्ठ सरांच्याच जुन्या फाइलमधून उचलली होती:

कपात = (हप्ता इज नॉट नन) अँड हप्ता ऑर ३००

सचिवांनी सभासदापुढे हप्ता भरला असेल तर तो घ्यायचा, रकाना रिकामा (पायथॉनच्या भाषेत नन) असेल तर ३००. वाचताना बरोबर वाटतं. पण ज्यांचं खाद्याचं देणं फिटलं होतं त्यांच्यापुढे सचिवांनी ० भरला. शून्य म्हणजे पायथॉनच्या लेखी खोटं. अँडचं उत्तर शून्य आलं, ऑरनं ते टाकून दिलं आणि पुढचे ३०० उचलले. देणं फिटलेल्या अकरा सभासदांचे पैसे कापले जाऊ लागले.

त्यातल्या एक आजी, दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या, पहिल्याच बिलाला सचिवांकडे गेल्या होत्या. "कॉम्प्युटरनं काढलंय, त्यो चुकत नाही," असं सांगून त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या बिलालाही तेच. तिसऱ्या वेळी त्या तिन्ही पावत्या घेऊन संस्थेत बसूनच राहिल्या, तेव्हा आम्हाला फोन आला. मी आणि सर गेलो. ९०० रुपये. त्यांनी पावत्या माझ्यासमोर एकाखाली एक मांडल्या आणि विचारलं, "ह्यात माझं काय चुकलं सांग बघू." मला उत्तर देता आलं नाही. पैसे पुढच्या बिलात परत गेले. येताना गाडीत सर म्हणाले, "एका ओळीत लिहायची हौस नडली."

सरांचं हे म्हणणं तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे. नडली ती अँड-ऑरची युक्ती. ओळ एक होती की चार, याचा त्यात काही संबंध नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०११ ला, नवा सर्व्हर आला, पायथॉन २.६ आला. मी लगेच ती ओळ बदलली: कपात = हप्ता इफ हप्ता इज नॉट नन एल्स ३००. इथे शून्य हे शून्यच राहतं. तर सरांनी "आपल्याकडे चालणार नाही" हे वाक्य ऐकवलं आणि त्याऐवजी सगळ्यांसाठी एक फंक्शन लिहिलं: निवड(अट, पहिलं, दुसरं). महिनाभरात रोजची सरासरी काढताना कुणीतरी निवड(दिवस > ०, लिटर / दिवस, ०) लिहिलं. एका सभासदाची म्हैस आटलेली, दहा दिवसांत एकदाही दूध नाही. फंक्शनमध्ये शिरण्याआधीच तिन्ही किमती काढल्या जातात, त्यामुळे शून्यानं भागाकार झाला आणि रात्री बिलं अडकली. लिटर / दिवस इफ दिवस > ० एल्स ० असं लिहिलं असतं तर भागाकाराला हातच लागला नसता. अट आधी तपासली जाते आणि दोन्हींतली एकच बाजू चालते.

ही अडचण बरीच जुनी आहे. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी फोरट्रान या भाषेत बुद्धिबळाच्या चाली लिहीत होते. त्यांनी असंच एक फंक्शन केलं, एक्सआयएफ. तेही याच कारणानं अपुरं पडलं, आणि त्यातूनच एकच बाजू चालवणारं खरं कंडिशनल एक्सप्रेशन त्यांना सुचलं. पायथॉनमध्येही २००३ साली यावर मतदान होऊन एकमत झालं नव्हतं. २००५ मध्ये पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी ते घ्यायचं ठरवलं, ते लोक अँड-ऑरनं वारंवार चुका करत होते म्हणूनच. मी हे सगळं सरांना दाखवलं. त्यांनी वाचलं नाही.

आता तुमचं. एकाच नावाला दोनपैकी एक किंमत द्यायची असेल तर एक ओळ. काही काम करायचं असेल, म्हणजे फाइल लिहायची, मेल पाठवायचा, तर साधं इफ. एका इफ-एल्सच्या पोटात दुसरं घालू नका. पीएचपी या भाषेनं तर आवृत्ती ८ पासून कंसाशिवाय तशा अटी रचणंच बंद केलं. वेगाचंही विचारलंय, पण त्यात फरक इतका किरकोळ असतो की त्यावरून ठरवू नये.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं: कंस घाला. एकूण = दूध + बोनस इफ पात्र एल्स ० असं लिहिलंत तर पात्र नसलेल्या माणसाचा बोनसच नव्हे, दुधाचे पैसेही शून्य होतात. दूध + (बोनस इफ पात्र एल्स ०) असं हवं. आणि जावास्क्रिप्टमध्येही काम करत असाल तर तिथल्या दोन उभ्या रेघांच्या ऑरला हाच शून्याचा रोग आहे. २०२० पासून त्यासाठी दोन प्रश्नचिन्हांचं वेगळं चिन्ह आहे, ते वापरा.

लीडशी वाद घालायचाच असेल तर अँड-ऑरची आणि इफ-एल्सची अशा दोन्ही ओळी शेजारी लिहा, हप्ता शून्य धरा आणि त्यांच्यासमोर चालवून दाखवा.