साहेबांचा आवाज घरी येतो तेव्हा

“मॅडम, साहेब चारचौघांत वाट्टेल ते बोलतात. माझंच काही चुकत असेल का?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्या जणांकडून ऐकलाय, की त्यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

त्यांतलीच एक समोर बसली होती. तिनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला होता. तो थरथरला की तिचे खांदे वर जायचे, बोलणं तुटायचं. रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा, रात्रभर साहेबांना द्यायच्या उत्तरांची उजळणी.

“काय म्हणाले ते?”

“मी बिनकामाची आहे.”

“हे त्यांचे शब्द की तुमचे?”

तिला आठवेना.

घटना वेगळी आणि आपण तिचा लावलेला अर्थ वेगळा, ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची मांडणी माझ्या कामाचा पाया आहे. पण अर्थ तपासताना घटना सौम्य करायची नाही, हे पथ्य मी कटाक्षानं पाळते. अपमान तो अपमानच.

तिला वही करायला सांगितली. तारीख, नेमके शब्द, कोण हजर होतं, कोणत्या कामावरून. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. मोठ्यानं वाचताना सातव्या नोंदीवर ती थांबली, मागची पानं उलटली, पुढची चाळली. मोबाइल थरथरला, तिनं पाहिलंही नाही.

“यात कामाची चूक दोनदाच आहे हो. बाकी सगळं माझ्या अकलेवर, आवाजावर.”

मी काहीच बोलले नाही. हे मी आधीच सांगू शकले असते, पण तिचं तिला दिसलं म्हणूनच ते टिकलं. त्या दोन चुका मात्र तिनं मान्य केल्या, आणि मला तिचं फार कौतुक वाटलं.

मग एकच वाक्य घोटलं: “चूक दाखवा, दुरुस्त करते. पण अशा शब्दांत बोलू नका.” तेही केबिनमध्ये, साहेबांना एकटं गाठून. चारचौघांत टोकलं की वरिष्ठ आणखी चवताळतो. तिचा आवाज कापला, तरी वाक्य पूर्ण झालं.

साहेब आठवडाभर नरमले, मग पुन्हा तेच. साहेब सुधारतील असं आश्वासन मी कुणालाच देत नाही. तोंडी सूचना ईमेलवर पक्क्या करून घ्या, एक तरी सहकारी विश्वासात घ्या, तक्रार लेखी करा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या करारानुसार एकदाच घडलेलं वर्तनही छळ ठरू शकतं, त्यामुळे ‘अजून थोडं सोसू’ म्हणत थांबू नका. दुसरी नोकरी शोधणं म्हणजे पळून जाणं नव्हे. आणि जीव नकोसा वाटू लागला असेल, तर वही बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना गाठा.

चार महिन्यांनी तिला दुसरा विभाग मिळाला. वही अर्धी कोरी होती. “टाकून देऊ?” तिनं विचारलं.

“तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नको,” मी म्हटलं.