आसाम-मिझोराममधला डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीव्हर लसीशिवाय आटोक्यात येईल का?

येईल, पण आसपासच्या सगळ्या वराहपालकांनी एकाच वेळी काळजी घेतली तरच. भारतात हा रोग 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. केंद्राच्या कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरमधली डुकरं मारून पुरतात, 10 किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवतात. विषाणू मात्र त्याआधीच खरकट्यातल्या मांसातून, व्यापाऱ्याच्या गाडीतून, बुटाच्या तळाला चिकटलेल्या शेणामातीतून पुढे गेलेला असतो. म्हणून:

- खरकटं नीट उकळल्याशिवाय अजिबात घालू नका.
- व्यापाऱ्याला कुंपणाबाहेरच थांबवा.
- मेलेलं डुक्कर ओढ्यात टाकू नका, खोल पुरा.

एक अडचण खरी आहे: नुकसानभरपाई रखडली की लोक आजारी जनावर घाईघाईने विकतात, आणि साथ पुढच्या गावात जाते.