मनी प्लांटची पानं बारीक का होत चाललीत?

तुमचा प्रश्न: कपाटावरून खाली सोडलेल्या मनी प्लांटची पानं दिवसेंदिवस बारीक होत चाललीत, खत घालूनही फरक नाही.

खत नका वाढवू. वेल खाली सोडलीत, तिथंच चुकलंय.

माझं माहेर नरवाडचं, मिरज तालुक्यातलं. आमच्या भागात पानमळे. विड्याच्या पानाची वेल कुणी लोंबू देत नाही. शेवरीवर, शेवग्यावर चढवायची आणि दर पंधरा-वीस दिवसांनी लव्हाळ्यानं बांधायची. विड्याचं पान मिरीच्या कुळातलं, मनी प्लांट अळूच्या; नात्यागोत्याचा संबंध नाही, पण चढायची रीत तीच. पेऱ्याची मुळी आधाराला चिकटली की पान मोठं होत जातं. आधार नसला की वेल नुसती पळत सुटते, पेरी लांब आणि पान बारकं. मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा. मोठ्या झाडावर चढला की त्याचं पान हातभर होतं, कडेनं फाटतंसुद्धा. आंब्यावर चढलेला बघून लोक विचारतात, ही कुठली वेल?

मी सांगलीतल्या फ्लॅटमध्ये पीव्हीसी पाईपला काथ्याची दोरी गुंडाळून कुंडीत रोवलाय. पेरं काथ्याला टेकतील अशी वेल सैल बांधायची आणि रोज काथ्यावर पाणी मारायचं, एप्रिल-मेत दोनदा. कोरड्या काथ्यात मुळी शिरत नाही. आहेत ती बारकी पानं मोठी होणार नाहीत. फरक नव्या पानांत दिसेल, त्यालाही काही महिने द्या.

बुडखा उघडा पडला असेल तर पानमळ्यासारखी उतरण करा. वेल खाली घ्या, बिनपानाचा भाग कुंडीतच वेटोळं करून मातीआड करा, शेंडा परत पाईपवर. पुरलेल्या पेऱ्यांना मुळं फुटतात आणि वेल नव्यानं जोर धरते.

शेतातली काळी माती मात्र कुंडीत नको. मी पहिल्यांदा तीच भरली, पावसाळ्यात मुळं कुजली. तांबडी माती, शेणखत, कोकोपीट, थोडी भरड वाळू पुरे. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. जागा खिडकीजवळची, पण थेट ऊन नको. अंधारात पिवळे पट्टे जाऊन पान नुसतं हिरवं पडतं.

छाटल्यावर हात धुवा, चीक अळूसारखा खाजतो. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर. आणि चोरून आणलेलाच फोफावतो म्हणतात ना, माझा शेजारणीकडून रीतसर मागून आणलेला आहे, छताला टेकलाय.