सायन्स झेपत नाही, आर्ट्सला घालू का?

बारावीच्या युनिट टेस्टचे पेपर हातात पडले की हा प्रश्न घेऊन कोणीतरी पालक येतातच. पेडण्याकडची एक आई अशीच आलेली, पोरगी रात्री बारापर्यंत पुस्तक घेऊन बसते तरी केमिस्ट्रीत नापास, आता आर्ट्सला घालू का म्हणून. पोरगी शेजारी मान खाली घालून, "मॅडम, मला डोकंच नाही" एवढंच बोलली.

मी म्हटलं पेपर दाखव बाय. बघते तर चुका तीन-चार पण सगळ्यांचं मूळ एकच. वितळलेल्या मिठाचं इलेक्ट्रोलिसिस केलं, म्हणजे त्यातून वीज सोडून ते फोडलं, तर कॅथोडला, म्हणजे ऋण टोकाला, काय मिळतं? हिचं उत्तर हायड्रोजन. मॅग्नेशियम क्लोराइड वितळवलं तरी हायड्रोजनच! अॅनोडला म्हणजे धन टोकाला क्लोरीन लिहिलेलं, ते बरोबर, कारण मिठाचं दाट पाणी घ्या नाहीतर वितळलेलं मीठ घ्या, तिथे क्लोरीनच येतो, त्यामुळे अर्धे मार्क मिळत गेले आणि कुठे अडतंय ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

विचारलं, हायड्रोजन आला कुठून? म्हणे पाण्यातून. पाणी कुठाय पण? गप्प. आगरवाड्याची मिठागरं बघत वाढलेली पोर, मीठ म्हटलं की डोळ्यासमोर पाणीच येणार ना. मीठ वितळतं 801 अंशाला, तिथे पाण्याचा थेंब तरी टिकेल का, भांड्यात आहेत फक्त सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मग कॅथोडला सोडियमच सुटणार. पाणी असेल तर सोडियमच्या आयनपेक्षा पाण्यालाच इलेक्ट्रॉन घेणं सोपं जातं, म्हणून हायड्रोजन येतो आणि मागे कॉस्टिक सोडा उरतो. कारखान्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून मीठ वितळण्याचं तापमान 600 च्या आसपास आणतात हे बोलता बोलता सांगितलं तर लगेच म्हणाली, "मग कॅल्शियम का नाही सुटत?" थोडंफार सुटतं, पण मुख्य सोडियमच. आईला म्हटलं, ऐकलंत? डोकं नसलेली पोर असं विचारते का?

आर्ट्स म्हणजे काही शिक्षा नव्हे, आवड असेल तर खुशाल घाला. पण बारावीत मधेच स्ट्रीम बदलायची तर वर्ष जाणार, त्याआधी एकदा पेपर घेऊन पोरीसोबत बसा, मार्क बाजूला ठेवा, चुका वाचा.

पुढच्या टेस्टला पास झाली. इलेक्ट्रॉन मोजताना अजून गडबडते, त्यासाठी तिला केमिस्ट्रीच्या सरांकडे पाठवलंय, ते काम त्यांचं.